सॉफ्टवेअर घेताना आतल्या मालाचे परवाने तपासा

ताग्यावर शिक्का कोणाचाही असो, आतले सूत कोठले, सायझिंग कोणी केले, रंग पक्का की कच्चा, हे विचारल्याशिवाय जाणता व्यापारी माल उचलत नाही. तयार कपडे परदेशी पाठविणाऱ्याला तर बटण, दोरा आणि लेबल यांचेही कागद दाखवावे लागतात. परंतु हाच व्यापारी बिलाचे सॉफ्टवेअर, गोदामाचे ॲप किंवा विक्रीची वेबसाइट करून घेतो तेव्हा दोनच प्रश्न विचारतो : पैसे किती आणि काम केव्हा मिळेल. आत कोणाकोणाचा माल घातला आहे हे तो विचारीत नाही आणि बनविणाराही आपण होऊन सांगत नाही.

हा तिसरा प्रश्न आता विचारावा लागेल. आपल्या वाचकांपैकी काही जण स्वतःच्या धंद्यासाठी सॉफ्टवेअर करून घेतात, काही जण कॅमेऱ्याचे बॉक्स, राऊटर किंवा मशीनचे कंट्रोलर विकतात, आणि कित्येकांची मुले आज सॉफ्टवेअर बनविण्यावरच रोजी कमावतात. या तिघांची जबाबदारी सारखी नाही. कोणाला किती काळजी करावी लागते तेही पुढे सांगितले आहे.

सुट्या भागांचा धंदा

आज कोणीही प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून लिहीत नाही. तारीख दाखविणे, पीडीएफ बिल काढणे, फोटो लहान करणे, पासवर्ड तपासणे, या प्रत्येक कामाचे तयार भाग जगभरच्या लोकांनी लिहून ठेवलेले आहेत. ते इंटरनेटवरच्या मोठ्या कोठारांतून एका हुकमासरशी उतरवून घेता येतात. जावास्क्रिप्टचे कोठार एनपीएम, पायथॉनचे पायपीआय, पीएचपीचे पॅकेजिस्ट. आपला प्रोग्रॅम ज्या भागांवर उभा असतो त्यांना या धंद्यात डिपेंडन्सी म्हणतात.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. प्रोग्रॅमर आपल्या यादीत दहा-वीस भागांची नावे लिहितो, पण त्या प्रत्येक भागाला पुन्हा स्वतःचे भाग लागतात आणि त्या भागांना आणखी. एखाद्या साध्या वेबसाइटच्या पोटात असे शेकडो भाग येऊन बसतात आणि त्यांतील बहुतेकांची नावे खुद्द बनविणाऱ्यालाही ठाऊक नसतात. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड नावाचा अवघा ११ ओळींचा एक भाग त्याच्या लेखकाने एनपीएममधून काढून घेतला, तर जगभर हजारो प्रोग्रॅम तयार होईनासे झाले. ज्यांचे काम अडले त्यांतील पुष्कळांनी हे नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. ते भांडण परवान्याचे नव्हते, नावाच्या हक्कावरून होते. पण माल किती खोलवरून येतो ते त्यावरून कळते.

फुकट आहे, बेवारस नाही

हे भाग बहुतेक फुकट मिळतात, म्हणून त्यांना मालक नाही असा समज पसरला आहे. हा समज चुकीचा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्रॅम हा साहित्यकृतीतच मोडतो. पुस्तकावर जसा लेखकाचा हक्क, तसा प्रोग्रॅमवर तो लिहिणाऱ्याचा. हा हक्क मिळविण्यासाठी कोठे नोंदणी करावी लागत नाही, लिहिताक्षणीच तो निर्माण होतो. मग दुसऱ्याने तो भाग वापरायचा कशाच्या आधारावर? लेखकाने दिलेल्या इजाजतीच्या आधारावर. ही इजाजत आणि तिच्या शर्ती ज्या कागदात लिहिलेल्या असतात तो परवाना. शर्ती पाळल्या तर इजाजत कायम, मोडल्या तर इजाजत संपली आणि वापर बेकायदा झाला.

अमेरिकेत हा मुद्दा कोर्टापर्यंत गेला. खेळण्यातल्या रेल्वेगाड्या संगणकावरून चालविण्याचा एक ओपन सोर्स प्रोग्रॅम होता. एका कंपनीने त्यातील भाग घेतला आणि लेखकाचे नाव व परवान्याची माहिती मात्र ठेवली नाही. जेकबसन विरुद्ध कॅटझर या खटल्यात २००८ साली तेथील अपील कोर्टाने सांगितले की अशा परवान्याची शर्त मोडणे हा नुसता करारभंग नाही, तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. माल फुकट दिला होता म्हणून शर्ती पोकळ आहेत, ही सबब कोर्टाने मानली नाही.

आणि ज्या भागासोबत परवानाच नाही त्याचे काय? पुष्कळ मुले म्हणतात, 'गिटहबवर उघडे ठेवले होते, म्हणून घेतले.' परवाना नाही याचा अर्थ इजाजत नाही. दुकानाचे दार उघडे दिसले म्हणून आतला ताग कोणी काखेत मारीत नाही.

परवान्यांच्या जाती

परवाने शेकडो प्रकारचे असले तरी रोजच्या कामात येणाऱ्या जाती मोजक्याच आहेत.

सर्वांत सैल जात एमआयटी आणि बीएसडी यांची. यांची मुख्य मागणी इतकीच की लेखकाचे नाव आणि परवान्याचा मजकूर मालासोबत ठेवा. मग बदल करा, विका, स्वतःच्या बंद प्रोग्रॅममध्ये घाला, हरकत नाही. जानेवारी २००४ मध्ये आलेला अपाची २.० हा याच जातीचा, पण थोडा अधिक सविस्तर. मूळ फाइल बदलली असेल तर तसे लिहावे लागते, सोबत नोटीस नावाची फाइल असेल तर ती पुढे द्यावी लागते आणि पेटंटबद्दलही त्यात कलम आहे. इतक्या सोप्या शर्तीही लोक पाळत नाहीत. आपल्या मोबाइलच्या सेटिंगमध्ये फोनविषयी माहितीच्या पानावर जाऊन कायदेशीर माहिती उघडा. तेथे अशा परवान्यांची भलीमोठी यादी सापडेल. मोठमोठ्या कंपन्या ही यादी का छापतात, तर शर्तच तशी आहे. आपल्या ॲपमध्येही असे एक पान टाकायला फारसा वेळ लागत नाही.

दुसरी जात जीपीएलची, आणि सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दलच आहेत. अमेरिकेतील प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी हा परवाना १९८९ मध्ये आणला. दुसरी आवृत्ती १९९१ ची, तिसरी २००७ ची. लिनक्सचा गाभा दुसऱ्या आवृत्तीवर आहे. जीपीएलचा सारांश असा : हा माल घ्या, बदला, पैसे घेऊन विकलात तरी चालेल, पण ज्याला द्याल त्याला सोर्स कोडही द्या आणि तुम्हाला जी मोकळीक मिळाली तीच त्यालाही द्या. सोर्स कोड म्हणजे माणसाने लिहिलेला मूळ मजकूर, ज्यावरून यंत्रावर चालणारा माल तयार होतो. आपला स्वतःचा प्रोग्रॅम आणि जीपीएलचा भाग असे विणले की दोन्ही मिळून एकच कापड झाले, तर ते सगळे कापड जीपीएलच्याच शर्तींवर द्यावे लागते. वर्षभर मेहनत करून बांधलेला बंद प्रोग्रॅम विकायला काढावा आणि मग आतल्या एका भागामुळे तो उघडा करावा लागेल असे कळावे, हा धोका येथे आहे.

पण जीपीएलला घाबरून पळणारेही चूक करतात. ही जबाबदारी माल दुसऱ्याच्या हाती देताना लागू होते. आपल्याच पेढीत, आपल्याच संगणकावर, आपल्याच माणसांनी वापरण्यासाठी जीपीएलचा भाग घेतला तर कोणाला काही द्यावे लागत नाही. तसेच जीपीएलच्या साधनाने केलेले काम जीपीएलचे होत नाही. लूम बनविणारी कंपनी त्यावर विणलेल्या कापडावर हक्क सांगत नाही, तशातलीच ही गोष्ट.

मधल्या जातीत एलजीपीएल आणि एमपीएल येतात. एमपीएलमध्ये ज्या फाइल त्या परवान्याच्या आहेत तेवढ्याच उघड्या ठेवायच्या. एलजीपीएलमध्ये तो भाग आपल्या प्रोग्रॅमपासून सुटा राहिला आणि घेणाऱ्याला तो बदलून टाकता येत असेल, तर आपला प्रोग्रॅम बंद ठेवता येतो.

यापुढची जात एजीपीएल. जीपीएलमध्ये एक फट होती : माल कोणाच्या हाती न देता नेटवरूनच वापरायला दिला तर सोर्स देण्याचे बंधन येत नव्हते. एजीपीएलने ती फट बुजविली. बदल केलेला किंवा आपल्या प्रोग्रॅममध्ये मिसळलेला असा भाग नेटवरून लोकांना वापरू दिला, तर त्या लोकांनाही सोर्स उपलब्ध करून द्यावा लागतो. व्यापाऱ्यांच्या कामात ही जात अनपेक्षितपणे येते ती पीडीएफ बिलांमधून. आयटेक्स्ट हा पीडीएफ काढणारा भाग जावा आणि डॉटनेटमध्ये फार वापरला जातो. तो पूर्वी एमपीएल व एलजीपीएलवर मिळे. २००९ च्या अखेरीस पाचव्या आवृत्तीपासून एजीपीएलवर गेला. ज्यांना सोर्स उघडा करायचा नाही त्यांना कंपनी पैसे घेऊन वेगळा परवाना देते. जुन्या मोकळ्या आवृत्तीवरून पुढे निघालेला ओपनपीडीएफ हा पर्यायही आहे. तेव्हा ऑनलाइन बिलांची सेवा विकणाऱ्याने आधी आपल्या पीडीएफच्या भागाचे नाव विचारून घ्यावे.

शेवटी काही परवाने असे असतात की सोर्स उघडा दिसतो, पण धंद्यासाठी वापरायला मनाई असते किंवा वेगळे पैसे द्यावे लागतात. त्यांना ओपन सोर्स म्हणणे बरोबर नाही. 'व्यापारी उपयोग वगळून' असे शब्द दिसले की तेथेच थांबावे, कारण आपला उपयोग व्यापारीच असतो.

तिसऱ्या हाताचा माल

हा सगळा प्रश्न खऱ्या धंद्यात कसा अंगावर येतो याचे उत्तम उदाहरण लिंक्सिस राऊटरचे आहे. सिस्को या बलाढ्य अमेरिकन कंपनीने २००३ मध्ये लिंक्सिस कंपनी विकत घेतली. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा घरगुती राऊटर तेव्हा जोरात खपत होता. थोड्याच दिवसांत जाणकारांच्या ध्यानात आले की त्याच्या आत लिनक्स आणि इतर जीपीएलचे भाग आहेत, पण सोर्स दिलेला नाही. हे भाग सिस्कोने घातले नव्हते आणि लिंक्सिसनेही नव्हते. राऊटरची चिप ब्रॉडकॉम कंपनीची होती आणि तिच्यासाठीचे सॉफ्टवेअर तैवानमधील एका कंपनीकडून करून घेतलेले होते. म्हणजे जॉब वर्क करणाऱ्याच्या जॉब वर्कमधून माल आला, आणि तगादा आला तो पेटीवर ज्याचे नाव होते त्याच्याकडे. मध्ये किती हात होते याच्याशी मूळ लेखकांना देणेघेणे नसते.

सोर्स २००३ मध्येच बाहेर आला, पण नंतरच्या मालांबाबत तक्रारी चालूच राहिल्या. अखेर डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने सिस्कोवर दावा केला. मे २००९ मध्ये समझोता झाला : परवान्यांचे पालन पाहण्यासाठी लिंक्सिसमध्ये एक जबाबदार माणूस नेमायचा आणि फाउंडेशनला देणगी द्यायची. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाहेर आलेल्या त्या सोर्सवरून ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला आणि लोकांनी त्या स्वस्त राऊटरमधून अशी कामे काढून घेतली की जुने मॉडेल असूनही त्याची मागणी टिकून राहिली. सोर्स दिल्याने धंदा बुडतोच असे नाही.

'बंद डब्याच्या आत काय आहे ते कोणाला कळणार?' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कळते. डब्यातला प्रोग्रॅम उतरवून त्यातील अक्षरे वाचली की ओळखीचे भाग चटकन दिसतात. लहान उपकरणांत असणाऱ्या बिझीबॉक्स या जीपीएलच्या भागावरून २००७ पासून अमेरिकेत एकामागून एक दावे झाले ते याच तपासावरून. आणि २०२१ मध्ये तर एका संस्थेने टीव्ही बनविणाऱ्या व्हिझिओ कंपनीवर नुसता खरेदीदार या नात्याने, 'आम्हाला सोर्स द्या' असा दावा लावला.

लेबल आणि आतला माल

आता तपासणी कशी करायची ते पाहू. हे काम प्रोग्रॅमरचे आहे, पण ते झाले की नाही हे समजण्याइतकी माहिती मालकाला असावी.

पहिली पायरी म्हणजे पूर्ण यादी. वर सांगितल्याप्रमाणे प्रोग्रॅमरने स्वतः लिहिलेल्या नावांची यादी पुरत नाही. बहुतेक प्रकल्पांत लॉक फाइल असते. तिच्यात खालच्या थरापर्यंतचा प्रत्येक भाग आणि त्याची आवृत्ती नोंदलेली असते. त्यावरून परवाने काढणारी साधने फुकट आहेत. पीएचपीत कंपोझरमध्ये 'कंपोझर लायसन्सेस' हा हुकूमच आहे. पायथॉनसाठी पिप-लायसन्सेस, जावास्क्रिप्टसाठी लायसन्स-चेकर. कामाला काही मिनिटे लागतात, म्हणून 'वेळ नाही' हे उत्तर ऐकून घेऊ नये.

या यादीत परवान्यांची आखूड नावे दिसतील. ती एसपीडीएक्स नावाच्या पद्धतीप्रमाणे लिहिलेली असतात आणि त्या पद्धतीला २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. नावांतील एकेक शब्द महत्त्वाचा आहे. 'जीपीएल-२.०-ओन्ली' म्हणजे फक्त दुसरी आवृत्ती, 'जीपीएल-२.०-ऑर-लेटर' म्हणजे दुसरी किंवा तिच्या पुढची कोणतीही. फरक किरकोळ वाटतो, पण अपाची २.० चा भाग फक्त-दुसऱ्या-आवृत्तीच्या जीपीएलसोबत एका प्रोग्रॅममध्ये विणून बाहेर देता येत नाही, कारण दोघांच्या शर्ती एकाच वेळी पाळता येत नाहीत. तिसऱ्या जीपीएलसोबत मात्र तो चालतो. एका गाळ्याच्या दोन मालकांनी उलट्या शर्ती घातल्या तर भाडेकरू जसा अडकतो तसे हे आहे. दोन्ही भाग एकेकटे निर्दोष, एकत्र आले की अडचण. त्याचप्रमाणे दोन परवान्यांमध्ये 'ऑर' असेल तर आपण हवा तो निवडावा, 'अँड' असेल तर दोन्ही पाळावे लागतात.

काही भाग फक्त बनविताना किंवा चाचणी घेताना लागतात आणि गिऱ्हाइकाकडे जात नाहीत. ते वेगळे काढावेत, म्हणजे यादी बरीच आटोक्यात येते. पण वेबसाइटचा जो भाग गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमध्ये उतरतो तो 'आपल्याच सर्व्हरवर आहे' असे म्हणून चालणार नाही. तो दिला गेला असेच समजावे. मोबाइल ॲपचे तर उघडच आहे.

इथपर्यंत झाले ते लेबल वाचणे. लेबल खोटे असू शकते, आणि तेही लावणाऱ्याचा हेतू चांगला असताना. मार्च २०२१ मध्ये हेच घडले. रुबी ऑन रेल्स या प्रसिद्ध ढाच्याला मार्सेल नावाचा भाग लागत होता आणि मार्सेलला माइममॅजिक. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे ओळखणे एवढेच माइममॅजिकचे काम. त्यावर एमआयटीचे लेबल होते. पण फाइलींच्या प्रकारांची जी यादी त्यात घातली होती ती जीपीएल असलेल्या दुसऱ्या एका प्रकल्पातून घेतलेली होती. ही गोष्ट नजरेस आणून दिली गेल्यावर माइममॅजिक सांभाळणाऱ्याने जुन्या आवृत्त्या कोठारातून काढून घेतल्या आणि नवी जीपीएलवर टाकली. परिणाम असा की जगभर रेल्सचे नवे काम उभे करणारे अडून बसले, आणि ज्यांच्या बंद प्रोग्रॅममध्ये तो भाग होता त्यांच्यापुढे परवान्याचा प्रश्न उभा राहिला. रेल्सच्या मंडळींनी काही दिवसांतच तो भाग काढून टाकला आणि मार्सेलने ती माहिती अपाची परवान्याच्या टिका या प्रकल्पातून घेतली.

लेबल वाचणारे कोणतेही साधन या प्रकरणात 'एमआयटी, ठीक आहे' असेच सांगत राहिले असते. म्हणून जो माल विकायचा आहे त्याची दुसरी तपासणी करावी. स्कॅनकोड आणि फॉसॉलॉजी ही साधने लेबलावर न थांबता प्रत्येक फाइल उघडून तिच्या डोक्यावरचा मजकूर वाचतात. त्यांचा अहवाल लांबलचक येतो, खोट्या शंकाही त्यात असतात आणि माणसाने बसून तो वाचावा लागतो. स्वतःच्या दुकानापुरत्या प्रोग्रॅमसाठी इतके करण्याची गरज नाही, असे माझे मत आहे. शंभर दुकानांना विकायचा असेल तर करावे.

अक्षरांच्या फाँटचाही परवाना असतो, हे पुष्कळ जण विसरतात. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषांत बिल छापणाऱ्यांनी तरी हे पाहावेच. कोठून तरी उचललेला फाँट ॲपमध्ये घालून विकणे हे परवान्याशिवाय प्रोग्रॅम घालण्यासारखेच आहे. देवनागरीसाठी मुक्ता आणि नस्तालिकसाठी नोटो नस्तालिक उर्दू हे फाँट ओपन फाँट लायसन्सवर मिळतात. ते आपल्या प्रोग्रॅमसोबत देता येतात. फक्त परवान्याचा मजकूर सोबत ठेवावा आणि नुसता फाँट वेगळा विकू नये.

दोष सापडला तर

अडचणीचा भाग सापडला म्हणजे सगळे काम वाया गेले असे नाही. त्याच कामाचा सैल परवान्याचा दुसरा भाग घालता येतो, आणि बहुतेक वेळा तो असतोच. कंपनी पैसे घेऊन वेगळा परवाना देत असेल तर तो घेता येतो. लेखकाला लिहून विचारता येते. पुष्कळ लेखक सभ्यपणे उत्तर देतात. किंवा शर्त मान्य करून सोर्स द्यावा. अनेक दुकानदारी सॉफ्टवेअरांत खरी कमाई सोर्सची नसून बसवून देण्याची, शिकविण्याची आणि देखभालीची असते, तेथे हा मार्गही महाग पडत नाही. नाव खोडून टाकणे हा मात्र मार्ग नाही. चुकून शर्त मोडली गेली असेल तर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत सवलत आहे : पहिल्यांदाच नोटीस आली आणि ३० दिवसांत दुरुस्ती केली तर इजाजत परत मिळते. दुसऱ्या आवृत्तीत ही सवलत लिहिलेली नाही.

करारात काय लिहावे

करून घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या पैशाचा प्रश्न येथे आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोकराने नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमचा हक्क मालकाकडे जातो. पण बाहेरच्या माणसाकडून मजुरीवर करून घेतलेल्या प्रोग्रॅमचा हक्क, वेगळा लेखी करार नसेल तर, लिहिणाऱ्याकडेच राहतो, पैसे पूर्ण दिले असले तरी. हक्क हस्तांतर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सहीचे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर ते ५ वर्षांचेच मानले जाते, आणि मुलूख लिहिला नाही तर भारतापुरतेच. दुबईच्या दुकानातही तेच सॉफ्टवेअर चालवायचे असेल तर ही ओळ विसरू नये.

आणि बनविणारा फक्त स्वतः लिहिलेलेच हस्तांतरित करू शकतो. 'सॉफ्टवेअरमधील सर्व काही तुमच्या मालकीचे' असे लिहिलेला करार दिसायला चांगला, पण आतील शेकडो भागांबाबत तो कागद निरुपयोगी आहे. ते भाग त्यांच्या लेखकांचेच राहतात. त्याऐवजी असे लिहून घ्यावे : मी लिहिलेला भाग तुमचा, बाकीच्या भागांची नाव, आवृत्ती व परवान्यासह यादी सोबत जोडली आहे, जीपीएल, एजीपीएल किंवा व्यापारी मनाई असलेला भाग तुम्हाला विचारल्याशिवाय घालणार नाही. शेवटचा हप्ता ही यादी हाती आल्यावर द्यावा. कडक वाटेल, पण चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही.

यात व्यापाऱ्याच्या फायद्याचीही एक बाजू आहे. बनविणाऱ्याने जीपीएलचा भाग विणून तयार प्रोग्रॅम तुम्हाला दिला, तर तो माल तुमच्या हाती 'दिला गेला', आणि परवान्याप्रमाणे त्याचा सोर्सही तुम्हाला मिळाला पाहिजे. सोर्स आपल्याकडे अडवून ठेवून दरवर्षी मनमानी पैसे मागणाऱ्यांशी बोलताना यादीतील ती एक ओळ कामास येते.

परदेशी माल पाठविणाऱ्यांना तर अशा यादीची सवय करावीच लागेल. इंग्रजीत तिला सॉफ्टवेअरचे बिल ऑफ मटेरियल म्हणतात. अमेरिकेत मे २०२१ च्या सरकारी आदेशापासून सरकारी खरेदीत तिची चर्चा सुरू झाली, आपल्याकडे सर्ट-इनने ऑक्टोबर २०२४ मध्ये तिची मार्गदर्शक तत्त्वे काढली, आणि युरोपचा २०२४ चा सायबर रेझिलिअन्स कायदा सॉफ्टवेअर असलेल्या उपकरणांना ती सक्तीची करतो. त्याची मुख्य कलमे डिसेंबर २०२७ पासून लागू होणार आहेत. या सगळ्यांचा मूळ रोख सुरक्षिततेवर आहे, परंतु यादी तीच आणि परवान्याचा रकानाही तिच्यातच बसतो.

यादीत आवृत्तीचा आकडा असावा असे वर म्हटले त्याचे कारण असे की परवाना भागाच्या नावाला नव्हे, त्या त्या आवृत्तीला लागू असतो. रेडिस हे प्रसिद्ध सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे बीएसडीवर होते. मार्च २०२४ मध्ये कंपनीने पुढच्या आवृत्त्यांसाठी तो काढून घेतला, आणि मे २०२५ मध्ये आठव्या आवृत्तीला एजीपीएलचा पर्याय जोडला. जुनी आवृत्ती जुन्याच शर्तींवर राहिली, पण ज्याने न बघता नवी चढविली तो नव्या शर्तींखाली गेला. त्यामुळे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घेताना दर वेळी यादी नव्याने काढून जुनीशी ताडून पाहावी. ज्या ओळी बदलल्या तेवढ्याच वाचाव्या लागतात.